दूध पिताना घाम, धावताना घेरी

हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. पन्नाशी-साठीचा गृहस्थ, सुटलेले पोट, खिशात सिगारेटचे पाकीट, घराण्यात मधुमेह आणि एके पहाटे छातीत उठलेली कळ. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांच्या तान्ह्या बाळाच्या कार्डिओग्रामवर साठीच्या माणसाच्या हार्ट अटॅकसारख्या खुणा उमटल्या आहेत, असे कुणी सांगितले तर आपला विश्वास बसत नाही. ज्याने आईच्या दुधाखेरीज अजून काही चाखलेले नाही, त्याला कसला हार्ट अटॅक?

पण असे घडते. फार क्वचित घडते, तरी घडते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या काही मुलांमध्ये जन्मतःच भलत्या जागेतून निघालेल्या असतात किंवा भलत्या वाटेने गेलेल्या असतात. त्यांतले काही दोष जन्मभर उपद्रव देत नाहीत. काही मात्र अंगावर पिणाऱ्या बाळाचा, नाही तर मैदानावर धावणाऱ्या तरुणाचा घास घेतात. आणि यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी की, वेळेवर ओळखले तर यांतील बहुतेक दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. ओळखण्याची पहिली खूण मोठ्या रुग्णालयातल्या यंत्रात सापडत नाही. ती घरात, पाळण्याजवळ किंवा मैदानाच्या कडेला आधी दिसलेली असते. तिच्याकडे कुणी लक्ष दिले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

पंपाला लागणारे रक्त

हृदय हा साऱ्या शरीराला रक्त पुरवणारा पंप, हे आपण शाळेत शिकलो. पण या पंपालाही स्वतःसाठी रक्त लागते. त्याच्या कप्प्यांतून रात्रंदिवस रक्त वाहत असले, तरी त्याच्या जाड स्नायूला ते थेट वापरता येत नाही. त्यासाठी वेगळी सोय आहे. हृदयातून निघणारी मुख्य वाहिनी म्हणजे महारोहिणी. ती बाहेर पडताच तिच्या मुळाशी दोन शाखा फुटतात, एक उजवी आणि एक डावी. त्या हृदयाला मुकुटासारख्या वेढतात. मराठीत त्यांना हृद्रोहिण्या म्हणतात; दवाखान्यात आपण ‘करोनरी आर्टरी’ हा शब्द ऐकतो तो यांच्यासाठीच. साऱ्या शरीराला रक्त ढकलणारा जो डावा खालचा कप्पा, त्याच्या स्नायूची मोठी भिस्त डाव्या हृद्रोहिणीवर असते.

नाशिककरांना हे धरण-कालव्याच्या भाषेत चटकन ध्यानात येईल. गंगापूरच्या धरणात पाण्याची पातळी उंच असते, म्हणून डाव्या कालव्याला पाणी जोराने येते आणि दूरच्या शेताला पोचते. समजा, कालवा खणताना त्याचे तोंड धरणाऐवजी खालच्या नाल्याला जोडले गेले. मग काय होईल? कालव्याला पाणी तर येणार नाहीच; उलट शेजारच्या कालव्याने शेतात आलेले पाणीही या वाटेने उताराकडे, नाल्यात निघून जाईल.

अगदी हाच प्रकार काही बाळांच्या हृदयात होतो. डावी हृद्रोहिणी महारोहिणीतून निघण्याऐवजी फुप्फुसांकडे जाणाऱ्या फुप्फुस रोहिणीतून निघते. या वाहिनीतले रक्त अशुद्ध, म्हणजे प्राणवायू कमी असलेले, आणि दाबही कमी. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर या दोषाला ‘अल्कापा’ म्हणतात. साधारणपणे तीन लाख जन्मांमागे एका बाळात तो आढळतो.

सहा-आठ आठवड्यांचा फसवा काळ

असे बाळ जन्मताना ठणठणीत दिसते. वजन चांगले, रडणे चांगले, रंगही चांगला. कारण आईच्या पोटात असताना फुप्फुस रोहिणीतला दाब महारोहिणीइतकाच असतो आणि दोन्हींतल्या रक्तात प्राणवायूचे प्रमाणही फारसे वेगळे नसते. म्हणून चुकीच्या जागी जोडलेल्या वाहिनीलाही रक्त मिळत राहते. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागते, फुप्फुसे उघडतात आणि पुढच्या काही आठवड्यांत फुप्फुस रोहिणीतला दाब उतरत जातो. नाल्याची पातळी खाली गेली की कालवा कोरडा पडावा, तसे मग होते. उजव्या हृद्रोहिणीकडून आलेले थोडेफार रक्तही डाव्या हृद्रोहिणीत शिरून उलटे फुप्फुस रोहिणीत वाहून जाते. डाव्या कप्प्याचा स्नायू उपाशी राहतो, कप्पा फुगतो आणि झडपेला ताणून धरणारे स्नायू दुबळे झाल्यामुळे झडपही गळू लागते.

बाळाची तब्येत बिघडते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आणि पहिली तक्रार असते दूध पिण्याची.

याचे कारणही सरळ आहे. तान्ह्या बाळाला कष्टाचे काम ते एकच. चालणे नाही, पळणे नाही. ओढून ओढून दूध पिणे हाच त्याचा व्यायाम. मोठ्या माणसाला जिना चढताना छातीत दुखावे, तसे या बाळाला दूध पिताना दुखते. ते दोन-चार घोट घेते, थांबते, धापा टाकते, कपाळावर आणि डोक्यावर घाम डवरतो, चेहरा पांढरा पडतो आणि ते कळवळून रडते. थोड्या वेळाने भूक लागते म्हणून पुन्हा तोंड लावते, आणि पुन्हा तेच.

१९३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तीन डॉक्टरांनी अशाच एका तीन महिन्यांच्या बाळाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. दूध पिताना येणारे हे झटके मोठ्या माणसांच्या छातीतल्या कळेसारखेच असावेत, हे त्यांनी ओळखले. आजही हा विकार त्या तिघांच्या नावाने ओळखला जातो. त्यांतले पॉल व्हाइट म्हणजे पुढे १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे विख्यात हृदयतज्ज्ञ. पण १९३३ मध्ये त्या बाळासाठी त्यांच्या हाती काहीच नव्हते. उपचार न मिळालेली अशी बहुतेक बाळे, सुमारे दहातली नऊ, पहिल्या वर्षातच दगावतात. ज्या थोड्यांमध्ये उजव्या बाजूने भरपूर पर्यायी वाहिन्या तयार होतात, ती मोठी होतात, पण धोका घेऊनच.

घरात काय म्हणतात?

आता आपल्या घरांत काय होते ते पाहू. बाळ नीट पीत नाही, रडरड करते, बाळसे धरत नाही. घरातली वडीलधारी माणसे अनुभवाच्या आधाराने कारणे शोधतात. पोटात वारा धरला असेल, गुटी सुरू करा. दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळा. आईचे दूध पातळ असेल, नाही तर कमी पडत असेल, वरचे सुरू करा. या शेवटच्या तर्कात आईच्या पदरी नाहक अपराधीपणा येतो, आणि बाळाला बारा तास मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्याच आईने पाहिलेली खूण बाजूला पडते. ‘पिताना घामाघूम होते हो’ असे ती चार-चारदा सांगत असते. ‘उन्हाळा आहे, घाम येणारच’ असे म्हणून विषय संपतो.

डॉक्टरांचीही यात फसगत होऊ शकते. या दोषात पुष्कळदा छातीत आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे स्टेथोस्कोप लावून संशय येईलच असे नाही. धाप लागलेली, म्हणजे न्यूमोनिया असावा, असे वाटणे साहजिक असते. एक्स-रेमध्ये हृदय मोठे दिसले तर ‘हृदयाचा स्नायूच मुळात कमजोर आहे’ असे निदान होऊ शकते. ते निदान वरवर बरोबरच असते, पण स्नायू कमजोर का, याचे उत्तर त्यात नसते. म्हणून बालहृदयरोगतज्ज्ञांचा एक शिरस्ता आहे. बाळाचे हृदय मोठे आणि दुबळे आढळले की, डावी हृद्रोहिणी महारोहिणीतून निघताना प्रत्यक्ष दिसल्याखेरीज तपासणी संपली असे समजायचे नाही. कार्डिओग्राम येथे फार उपयोगी पडतो, कारण त्यावर उपाशी स्नायूच्या ठळक खुणा असतात. टू डी एको तपासणीत वाहिनीचा उगम आणि तिच्यातून उलटे वाहणारे रक्त दिसू शकते. शंका उरली तर सीटी अँजिओग्राफीने उलगडा होतो.

मग आईबापांनी घाम नेमका केव्हा गंभीर मानायचा? एप्रिल-मेच्या उकाड्यात टोपडे-झबले घातलेल्या सुदृढ बाळाच्या डोक्यालाही घाम येतो, त्यात काळजीचे कारण नाही. पण घामाबरोबर आणखी काही दिसत असेल तर थांबू नये. बाळ पिताना वारंवार थांबून धापा टाकते का? पिता पिता पांढरे पडते किंवा एकदम कळवळते का? वजन वाढेनासे झाले आहे का? बाळ शांत किंवा झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा त्याहून अधिक भरले, तर ते जलद समजतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

यासाठी एक सोयीची संधी आपल्याकडे आयतीच आहे. लसीकरणासाठी बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना केंद्रावर न्यावे लागते. हा विकार डोके वर काढतो तोही याच काळात. वजनकाट्यावर बाळ ठेवले जाते, नर्सबाई समोर असतात, गावात आशाताई घरी येऊन जातात. त्या वेळी ‘बाळ दूध कसे पिते?’ हा एक प्रश्न विचारला गेला आणि आईने मोकळेपणाने उत्तर दिले, तर अर्धे काम होते.

कुणी म्हणेल, तीन लाखांत एक, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून अधिक बाळे जन्मतात. त्या हिशेबाने राज्यात दरवर्षी निदान पाच बाळे हा दोष घेऊन येत असणार. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. हृदयाचा कोणता ना कोणता जन्मजात दोष हजारी आठ-नऊ बाळांत असतो. म्हणजे राज्यात वर्षाला बारा हजारांवर बाळे. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेले बाळही दूध पिताना असेच घामाघूम होते. एका दुर्मिळ विकारासाठी शिकलेली खूण शेकडो सामान्य विकारांसाठी उपयोगी पडते. तेव्हा हा प्रश्न वाया जाणारा नाही.

काडीएवढ्या वाहिनीची दुरुस्ती

या विकारावरचा उपचार औषधांनी होत नाही. औषधे हृदयावरचा भार हलका करतात, बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत नेऊन पोचवतात. वाहिनीची जागा बदलणे हाच खरा उपाय.

सुरुवातीला, १९६० च्या सुमारास, अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डेव्हिड सॅबिस्टन या शल्यविशारदाने चुकीच्या वाहिनीला मुळाशीच गाठ मारण्याचा मार्ग अवलंबला. उलटे वाहून जाणारे रक्त त्यामुळे थांबे आणि उजवीकडून आलेले रक्त स्नायूच्या वाट्याला येई. गळका पाट बुजवण्यासारखाच हा उपाय. पण त्यात हृदय कायमचे एकाच वाहिनीच्या भरवशावर राही. पुढे सत्तरच्या दशकात डावी वाहिनी तिच्या योग्य जागी, महारोहिणीला जोडण्याचे तंत्र आले, आणि आज तेच सर्वत्र वापरले जाते.

हृदय-फुप्फुस यंत्रावर बाळाचे रक्ताभिसरण घेऊन हृदय थांबवतात. डाव्या हृद्रोहिणीचे तोंड भोवतालच्या भिंतीच्या छोट्या चकतीसह फुप्फुस रोहिणीपासून सोडवून घेतात आणि महारोहिणीला शिवतात. मागे उरलेले भोक ठिगळ लावून बंद करतात. वाक्यात हे सोपे वाटते. पण बाळाची ही वाहिनी काडेपेटीतल्या काडीएवढी असते आणि टाके घालायचा दोरा डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तिला पीळ पडता कामा नये, ताण येता कामा नये. शिवाय हृदय आधीच थकलेले असल्याने शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस नाजूक असतात. म्हणूनच लहान बाळांच्या शस्त्रक्रियांचा नित्य सराव असलेल्या केंद्रातच ती व्हायला हवी.

पण त्यानंतर जे घडते, ते वैद्यकशास्त्रातल्या आनंदाच्या गोष्टींपैकी एक आहे. मोठ्या माणसाच्या हार्ट अटॅकमध्ये मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. या बाळांचा बराचसा स्नायू मात्र मेलेला नसतो. रक्ताच्या टंचाईत तो काम बंद करून जणू निपचित पडलेला असतो. पाणी मिळताच सुकलेली वेल तरारावी, तसा तो काही आठवड्यांत हालू लागतो आणि वर्षभरात बहुतेक बाळांच्या हृदयाची ताकद पुष्कळ सुधारते. झडपेची गळतीही अनेकदा कमी होते. काहींना पुढे झडपेवर उपचार लागतात, आणि सर्वांनाच अधूनमधून तपासणीसाठी यावे लागते. पण ज्या बाळाला वर्ष पाहायला मिळाले नसते, ते शाळेत जाते. निदानाला उशीर झाला तर मात्र स्नायू खरोखरच मरतो आणि मग शस्त्रक्रियाही ते परत आणू शकत नाही. येथे एकेक आठवडा महत्त्वाचा आहे तो यासाठी.

मैदानावरचा दगाफटका

या कुटुंबातला दुसरा दोष पाळण्यात दिसत नाही. तो दबा धरून राहतो आणि मूल मैदानावर उतरल्यावर समोर येतो.

यात दोन्ही हृद्रोहिण्या महारोहिणीतूनच निघतात, पण त्यांतली एक भलत्या बाजूने. डावी वाहिनी उजव्या कोनाड्यातून निघाली, तर तिला डावीकडे जाण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. पुष्कळदा ती महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी या दोन मोठ्या वाहिन्यांच्या फटीतून जाते. तिचे तोंड गोल नसून चिरेसारखे अरुंद असते आणि सुरुवातीचा काही भाग महारोहिणीच्या भिंतीतूनच जातो. एरवी याचा त्रास नसतो. पण वेगाने धावताना हृदयाला अधिक रक्त हवे असते, आणि नेमक्या त्याच वेळी महारोहिणी फुगून ही चीर आणखी दाबली जाते. स्नायूचे रक्त तुटते, ठोक्यांची लय बिघडते आणि धडधाकट मुलगा धावता धावता कोसळतो.

अमेरिकेतील तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंमागे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकाराच्या खालोखाल हाच गट येतो. तेथील बास्केटबॉलचा जादूगार पीट मॅराविच याची कथा तर चक्रावून टाकणारी. दहा वर्षे तो व्यावसायिक स्पर्धांत खेळला, गुणांचे डोंगर रचले. ५ जानेवारी १९८८ रोजी पॅसाडेना येथे मित्रांबरोबर सहज खेळत असताना तो कोसळला आणि गेला. वय अवघे चाळीस. शवविच्छेदनात कळले की, त्याला डावी हृद्रोहिणी जन्मतःच नव्हती. उजव्या एकटीवर त्याने ती सारी कारकीर्द केली होती, आणि हयातीत कुणालाही त्याचा सुगावा लागला नव्हता.

सुगावा का लागत नाही, याचे उत्तर २००० मध्ये इटली आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी मिळून केलेल्या एका अभ्यासात सापडते. चुकीच्या कोनाड्यातून निघालेल्या हृद्रोहिणीमुळे दगावलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती त्यांनी गोळा केली. त्यांतले २३ जण डावी वाहिनी उजवीकडून निघालेले होते. सर्वच जण जोराच्या श्रमात किंवा त्यानंतर लगेच गेले होते. ज्या बारा जणांची आधीची वैद्यकीय माहिती मिळाली, त्यांत नऊ जणांचा कार्डिओग्राम काढलेला होता आणि नऊच्या नऊ नॉर्मल होते. सहा जणांची पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट केलेली होती. तीही सहाच्या सहा नॉर्मल. पण त्याच बारांपैकी दहा जणांना आधी काहीतरी झाले होते. कुणाला छातीत दुखले होते, कुणी खेळताना बेशुद्ध पडला होता.

या आकड्यांचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. कागदावरची रेघ बरोबर होती, पण मुलाने सांगितलेली तक्रारही खरी होती. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना कार्डिओग्रामसह वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे आणि तिच्यामुळे इतर काही विकारांचे मृत्यू लक्षणीय घटले. हा दोष मात्र त्या जाळीतून निसटू शकतो. म्हणून श्रम चालू असताना घेरी आलेल्या मुलाचा कार्डिओग्राम नॉर्मल आला तरी फाइल बंद करायची नाही. हृद्रोहिण्या कोठून निघतात, हे एको तपासणीत मुद्दाम पाहायला सांगायचे, आणि न दिसल्यास सीटी अँजिओग्राफी करायची.

नाशिक जिल्ह्याला हा विषय परका नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. जिल्ह्यातल्या वाड्यापाड्यांवरची मुले-मुली आज धावण्यात भविष्य शोधतात. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, आणि एकेका सेकंदाला गुण. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे मृत्यू झाले आणि राज्य हादरले. तेव्हा उकाडा आणि सोयींचा अभाव यांची चर्चा झाली. त्या घटनांचा जन्मजात दोषाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण भरतीच्या ओढीने धावणारा मुलगा आपली तक्रार लपवतो, ही गोष्ट मात्र येथे आठवावी. ‘धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली’ असे सांगितले तर सर ग्राउंडवर घेणार नाहीत, घरचे पाठवणार नाहीत, या धास्तीने तो गप्प राहतो. उपाशीपोटी धावला असेल, असे मित्र म्हणतात. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी ही धास्ती घालवली पाहिजे.

यातही तारतम्य हवे. शाळेच्या प्रार्थनेत उन्हात उभे राहून चक्कर येणे वेगळे; ते बहुधा साधे असते. मुलांच्या छातीत दुखण्याची कारणेही बहुतेक वेळा स्नायूंची किंवा बरगड्यांची असतात. पण धावता धावता, पोहता पोहता, ऐन खेळात शुद्ध हरपली किंवा छाती आवळून आली, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या मुलाचे धावणे थांबवलेच पाहिजे. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

दोष सापडला तर पुढचा मार्ग त्याच्या प्रकारावर ठरतो. डावी वाहिनी उजवीकडून निघून दोन मोठ्या वाहिन्यांमधून जात असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रियेचाच सल्ला देतात. भिंतीतून जाणाऱ्या भागाचे आतले छप्पर उघडून तोंड रुंद करतात, किंवा वाहिनी योग्य जागी जोडतात. उजवी वाहिनी डावीकडून निघण्याचा प्रकार अधिक आढळतो, पण कमी धोक्याचा. तेथे त्रास किंवा रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा असेल तर शस्त्रक्रिया, नसेल तर लक्ष ठेवणे, असा विचार करतात.

आणि कुणी मैदानावर कोसळलाच, तर पाणी शिंपडत, कांदा हुंगवत वेळ घालवू नये. हाक मारून, हलवूनही तो उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगावे आणि दुसऱ्याने ताबडतोब छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने दाब द्यायला लागावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. प्रत्येक क्रीडा प्रशिक्षकाला हे आलेच पाहिजे.

उगाच धसका नको

हे वाचून कुणी धसका घेऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० मध्ये १,२६,५९५ अँजिओग्राफींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात शंभरामागे सव्वा जणाच्या हृद्रोहिण्यांत काही ना काही जन्मजात वेगळेपण सापडले, आणि त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी होते. एखादी शाखा वेगळ्या तोंडाने निघालेली, एखादी मागून वळसा घेऊन गेलेली. काहींमध्ये वाहिनी थोडे अंतर स्नायूच्या आतून जाते. तेही बहुधा त्रास देत नाही. वाहिनी आणि हृदयाचा कप्पा यांच्यात आडवाट तयार झालेली असते, तेव्हा ती लहान असल्यास नुसते लक्ष ठेवतात आणि मोठी असल्यास पुष्कळदा छाती न उघडता, नळीवाटे बारीक तारेचे वेटोळे बसवून बंद करतात.

तेव्हा चाळिशीत केलेल्या सीटी अँजिओग्राफीच्या अहवालात ‘जन्मजात वेगळेपण’ असे शब्द दिसले, तर घाबरून झोप उडवू नये. आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: वाहिनी कोठून निघते, कोणत्या वाटेने जाते, आणि तिच्यामुळे स्नायूला रक्त कमी पडते का? धोका आहे की नाही, हे या तीन उत्तरांवर अवलंबून असते.

नाशिकहून पुढची वाट

पेठ, सुरगाणा, कळवणच्या पाड्यावर राहणाऱ्या कुटुंबाला एवढे सगळे कसे जमायचे? वाट आहे, मात्र ती माहीत हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहेत आणि संशयित मुलांना पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात, शस्त्रक्रियाही मोफत होते. पण दोन महिन्यांच्या बाळाने पथकाची वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून थेट नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी. शहरात शालिमार येथे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही आहे.

तान्ह्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियांची अनुभवी केंद्रे मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. परळचे वाडिया बालरुग्णालय आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ च्या निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवून संरक्षण पाच लाख रुपयांचे करण्यात आले. योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे त्यांना आधी विचारावे. पैशाच्या भीतीने कसारा घाटाच्या अलीकडेच थांबून राहणे, यासारखे दुर्दैव नाही.

१९३३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना विकार कळला, पण इलाज नव्हता. १९५८ मध्ये हृद्रोहिण्यांची अँजिओग्राफी सुरू झाली, तोवर असे बहुतेक दोष शवविच्छेदनाच्या टेबलावरच समजत. आज निदान आहे, इलाज आहे, पैशाची काही सोयही आहे. उणीव आहे ती मधल्या एका दुव्याची. ‘बाळ पिताना घामाघूम होते’ म्हणणारी आई आणि ‘धावताना अंधारी येते’ म्हणणारा मुलगा यांचे म्हणणे पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकून घेणे, हाच तो दुवा. तो घरातल्या प्रत्येकाला होता येतो. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.